वही, फोन आणि आठवण: नाशिकच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी अभ्यासाची मांडणी

एम.एड. किंवा एम.ए. शिक्षणशास्त्राला प्रवेश घेतला की पंधरा दिवसांत फोनमध्ये वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप येतो, ग्रुपवर शे-दीडशे पीडीएफ येतात आणि त्या उतरवून घेतल्या की अभ्यास झाल्यासारखं वाटायला लागतं. पूर्वी झेरॉक्सचा गठ्ठा हातात आला की असंच वाटायचं. फरक एवढाच की झेरॉक्सला पैसे पडायचे, त्यामुळे माणूस चार पानं कमी काढायचा.

साठवण्याचं काम फोनला द्यावं आणि आठवण्याचं आपल्याकडे ठेवावं, या एका गोष्टीवर खालची सगळी मांडणी उभी आहे. दोन्ही कामं फोनकडे गेली की परीक्षेच्या हॉलबाहेर फोनसोबत अभ्यासही ठेवून यावा लागतो. रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्राला येणारे मुक्त विद्यापीठाचे नोकरदार विद्यार्थी असोत की कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या कॉलेजांतले नियमित विद्यार्थी, पद्धत तीच राहते. वेळ तेवढी ज्याची त्याने काढायची.

सामान थोडं लागतं. दोनशे पानी रेघांची फुलस्केप वही, शिवलेली. स्पायरल नको, कारण त्यातलं पान फाडायला फार सोपं जातं. दोन रंगांची पेनं. अँड्रॉइड फोनवर अँकीड्रॉइड हे उजळणीच्या प्रश्नोत्तर-कार्डांचं ॲप, ते फुकट आहे. आयफोनवरचं अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं, पण त्याचीच वेब आवृत्ती अँकीवेब ब्राउझरमध्ये फुकट चालते. संदर्भांसाठी संगणकावर झोटेरो, तेही फुकट. आणि गूगल ड्राइव्हमध्ये एकच फोल्डर. नोट्ससाठी कोणतं ॲप बरं याचे व्हिडिओ पाहण्यात आठवडा घालवायचा असेल तर हरकत नाही, पण त्या आठवड्यात एक युनिट वाचून झालं असतं.

वहीचं डावं पान

वही उघडली की दोन पानं समोर येतात. डावं आठवणीचं, उजवं विचारांचं. डाव्या पानावर वर तारीख, काय वाचलं त्याचं नाव आणि ‘पृ. ४१–५२’ असे नेमके पृष्ठक्रमांक. नुसतं ‘प्रकरण ३’ लिहिलं तर सहा महिन्यांनी लघुशोधप्रबंधाच्या तळटिपेसाठी ते आख्खं प्रकरण पुन्हा चाळावं लागतं.

मग वाचन, पंचवीस मिनिटं, पेन खाली ठेवून. मराठी पाठ्यपुस्तक असेल तर एवढ्या वेळात दहा-बारा पानं होतात, इंग्रजी शोधनिबंध असेल तर तीन-चार. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. गजर झाला की पुस्तक मिटायचं, फोनवर वाचत असाल तर तो पालथा घालायचा, आणि सात मिनिटं जे आठवेल ते लिहायचं. नाव आठवलं नाही, क्रम चुकला, तर जागा सोडून पुढे जायचं. सात मिनिटांनी पुस्तक उघडायचं आणि गाळलेलं, चुकलेलं दुसऱ्या रंगाने भरायचं. पानावर दुसऱ्या रंगात जेवढं आहे, तेवढं शिकायचं राहिलंय. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळी वही वाचायची गरज पडत नाही, फक्त तो रंग वाचायचा.

पुन्हा एकदा वाचून काढण्यापेक्षा हे जड जातं, आणि म्हणूनच ते उपयोगी पडतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे मोजून दाखवलं. एका गटाने उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदाच अभ्यासला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पहिला गट पुढे होता, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने तपासलं तेव्हा पहिल्या गटाला ४० टक्के आठवत होतं, दुसऱ्याला ६१. पहिले पाच मिनिटांचे आकडे मुद्दाम लक्षात ठेवा. आदल्या रात्री वाचून ‘सगळं येतंय’ असं जे वाटतं, ते तिथलं आहे.

इथे हमखास चुकतं ते असं. वाचता वाचता लिहिलं जातं. मग ती नक्कल होते, आठवण नाही. किंवा सात मिनिटांची पंचवीस होतात, कारण अक्षर छान काढायचा मोह होतो. किंवा दोन ओळी लिहून ‘काहीच आठवत नाही’ म्हणून पुस्तक लगेच उघडलं जातं. तिसरी चूक सर्वांत महाग. दोन मिनिटं नुसतं बसून राहिलं की तिसऱ्या मिनिटाला एखादं उदाहरण आठवतं आणि त्याच्या शेपटीला धरून व्याख्या येते. काहीच आलं नाही तर पंचवीस मिनिटांचा घास मोठा होता असं समजा आणि पुढच्या वेळी पंधरावर या.

हाताने लिहावं की टाइप करावं, यावर वर्गात वाद होतात. २०१४ च्या एका गाजलेल्या अभ्यासाने हाताने लिहिणाऱ्यांची बाजू घेतली होती, पण तो प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना तितका स्पष्ट फरक मिळाला नाही. शब्दशः उतरवून घेणं हा खरा दोष आहे, आणि टाइप करताना तो लवकर घडतो. म्हणून वही. तरीही ज्याला टाइप करणंच जमतं त्याने टाइप करावं, फक्त पुस्तक मिटून.

उजवं पान: चिंतन म्हणजे काय लिहायचं

अंतर्गत गुणांसाठी ‘चिंतनात्मक नोंद’ मागितली जाते आणि बहुतेक नोंदी अशा येतात: ‘आजचे व्याख्यान अतिशय माहितीपूर्ण होते. सरांनी विषय सोप्या भाषेत समजावून सांगितला. मला खूप काही शिकायला मिळाले.’ ही नोंद कुठल्याही दिवशी, कुठल्याही विषयाला चिकटवता येईल. जी नोंद दुसऱ्या दिवसावरही चालते ती रद्द करायची, ही सोपी कसोटी.

ग्रॅहॅम गिब्ज यांचं १९८८ चं चिंतनाचं सहा टप्प्यांचं चक्र बहुतेक अभ्यासक्रमांत असतं: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती-आराखडा. सहाही मथळे घालून लिहिलं की वर्णनच दीडशे शब्द खातं आणि कृती-आराखडा ‘पुढच्या वेळी अधिक तयारी करेन’ एवढ्यावर आटोपतो. दोनशे शब्दांच्या नोंदीत वर्णनाला चाळीसच द्या. बाकीच्यात तीन गोष्टी हव्यात: आधी काय समजत होतो, कशामुळे ती समजूत हलली, आणि आता कोणत्या दिवशी, कोणत्या वर्गात, किती मिनिटं काय करून बघणार.

उदाहरणादाखल, आकारिक मूल्यमापनाच्या तासानंतरची एक नोंद (आकारिक म्हणजे शिकवणं सुधारण्यासाठी केलेलं, संकलित म्हणजे शेवटी गुण देण्यासाठी केलेलं):

‘मला वाटत होतं की छोटी चाचणी आकारिक आणि सत्राअखेरची संकलित. आज कळलं की आकारावर काही ठरत नाही. इंटर्नशिपच्या शाळेत दर शुक्रवारी दहा गुणांची चाचणी होते, गुण नोंदवहीत चढतात, सोमवारी पुढचा धडा सुरू. म्हणजे दहा गुणांची असून ती संकलितच झाली, कारण तिच्यामुळे शिकवण्यात काही बदललं नाही. अडचण: पस्तीस मिनिटांच्या तासात बदलायला वेळ कुठला? गुरुवारी, सातवी ब, अपूर्णांक: शेवटची पाच मिनिटं एकच उदाहरण, उत्तर चिठ्ठीवर. संध्याकाळी चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे: बरोबर, पद्धत चुकलेली, कोरी. दुसरा गठ्ठा दहाच्या वर गेला तर शुक्रवारी पुढचा धडा नाही.’

यात ‘मला खूप शिकायला मिळाले’ कुठेही नाही, तरी काय शिकलं ते दिसतं. गुरुवार उलटून गेल्यावर त्याच पानाखाली दोन ओळी लिहायच्या: गठ्ठे किती निघाले, शुक्रवारी काय केलं. या दोन ओळी लिहिणारे थोडे असतात. व्हायवाला मात्र परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवतात.

भावनेची ओळ टाळू नका, पण ती कारणासकट लिहा. ‘कंटाळा आला’ म्हणजे नोंद नव्हे. ‘स्लाइड वाचून दाखवायला लागले तिथून लक्ष उडालं, साधारण विसाव्या मिनिटाला’ ही नोंद झाली. स्वतः शिकवायला उभं राहाल तेव्हा कामाला येईल.

एका उत्तराची चार कार्डं

डाव्या पानावरच्या दुसऱ्या रंगातून कार्डं निघतात. दिवसाला पाच ते दहा, त्याहून जास्त नकोत. ॲपमध्ये रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा सुरुवातीला २० असते, ती आधी १० वर आणा. आज घेतलेलं नवं कार्ड पुढचे कित्येक दिवस उजळणीला परत येत राहतं. रोज दहा नवी घेतली की महिनाभरात रोज सत्तर-ऐंशी कार्डं समोर येतात. तेवढी पंधरा-वीस मिनिटांत होतात. रोज वीस घेतली की उजळणी दुप्पट होते, दिवाळीच्या आठवड्यात ती तुंबते आणि ॲप उघडायचीच भीती वाटायला लागते.

वाईट कार्ड असं असतं: ‘आकारिक मूल्यमापन म्हणजे काय? वैशिष्ट्ये सांगा.’ मागे आठ ओळी. यातल्या पाच आठवल्या तर बरोबर म्हणायचं की चूक? ठरत नाही, मग माणूस स्वतःला सूट देतो. त्याच मजकुराची कार्डं अशी पाडा:

‘आकारिक–संकलित ही जोडी मूल्यमापनाच्या चर्चेत कोणी आणली, कधी?’ — मायकेल स्क्रिव्हन, १९६७.

‘तीच चाचणी आकारिक कधी ठरते?’ — तिच्या निकालावरून पुढचं शिकवणं किंवा शिकणं बदललं तर.

‘शुक्रवारी चाचणी, गुण नोंदवले, सोमवारी नवा धडा. आकारिक की संकलित? का?’ — संकलित. निकाल वापरला गेला नाही.

‘महाराष्ट्रात प्राथमिक स्तरावर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन कोणत्या वर्षीच्या शासन निर्णयाने आलं?’ — २०१०.

तिसरं कार्ड सर्वांत मोलाचं. व्याख्या पाठ असून उदाहरण ओळखता न येणं ही पदव्युत्तर पातळीवरची नेहमीची फजिती आहे. म्हणून प्रत्येक व्याख्येमागे निदान एक ‘हे काय आहे?’ छापाचं कार्ड हवंच.

उत्तर आठवलं नाही तर ‘पुन्हा’ हेच बटण दाबायचं. ‘अवघड’ हे बटण आठवलं, पण कष्टाने आठवलं त्यासाठी आहे. विसरलेल्या कार्डावर दयेपोटी ‘अवघड’ दाबत राहिलं की ॲपचा हिशोब बिघडतो आणि विसरलेलं कार्ड आणखी लांब ढकललं जातं. एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की ॲप त्यावर जळू म्हणून खूण करतं. अशा कार्डाला आणखी जोर लावू नका. ते वाईट लिहिलं गेलंय, तोडून दोन करा. दुसऱ्याची तयार कार्डं उतरवून घेण्यात फायदा नाही, कारण कार्ड लिहितानाच निम्मं शिकणं होतं.

फोन नको असेल तर सेबास्टियन लाइटनर यांची १९७२ पासूनची खोक्याची पद्धत आहे. चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे घालून पाच कप्पे करायचे. पहिला रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. कार्डांसाठी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू उत्तम.

उजळणीत किती अंतर ठेवायचं? क्लासच्या भिंतीवर मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांचा विस्मरणाचा आलेख असतो, ‘एका दिवसात दोन तृतीयांश विसरता’ अशा धमकीसह. १८८५ चं ते काम अस्सल आहे, पण त्यांनी स्वतःवर निरर्थक अक्षरसमूहांचा प्रयोग केला होता. अर्थ लागलेला मजकूर इतक्या वेगाने जात नाही. कामाचा आकडा स्मृतीवर संशोधन करणाऱ्या सेपेडा आणि सहकाऱ्यांचा, २००८ चा: परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन अभ्यासांत सुमारे एका दिवसाचं अंतर चांगलं, पस्तीस दिवसांवर असेल तर अकरा दिवसांचं, सत्तर दिवसांवर असेल तर तीन आठवड्यांचं. म्हणजे सत्राच्या सुरुवातीला वाचलेलं युनिट दुसऱ्याच दिवशी पुन्हा वाचणं हा वेळेचा अपव्यय आहे, आणि थेट परीक्षेआधी उघडणंही तोट्याचंच.

देवनागरीचे सापळे

मराठीत टाइप केलेल्या नोट्स शोधताना ‘सापडत नाही’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा नोट हरवलेली नसते, अक्षर वेगळं असतं. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ हे दोन शब्द पडद्यावर सारखे दिसतात. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे; दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. एका कीबोर्डवर पहिलं येतं, दुसऱ्यावर दुसरं, आणि शोधताना संगणकाला दोन्ही वेगळे वाटू शकतात. ‘ॲप’ आणि ‘अॅप’चंही तेच: पहिल्यात एकच अक्षर, दुसऱ्यात ‘अ’वर वेगळी चंद्रखूण. २०१० आणि इंग्रजी अंकांतलं तेच साल हीही दोन वेगळी.

उपाय कंटाळवाणा पण कायमचा आहे. फोन आणि संगणक दोन्हीकडे एकेकच मराठी कीबोर्ड ठरवा, त्यावर वरचे शब्द टाइप करून बघा आणि दोन्हीकडे एकच रूप येतंय ना ते तपासा. मित्राकडून आलेल्या फाइलमध्ये ‘शोधा आणि बदला’ने आपलं रूप घालून घ्या. फाइलींच्या नावांत एकाच प्रकारचे अंक वापरा आणि साल आधी लिहा: ‘१९९८ आडनाव मूल्यमापन’. साल आधी असलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलून डकवला की ‘eÉ’ छापाची चिन्हं येतात, ती फाइल श्रीलिपी, शिवाजी वा कृतिदेव अशा जुन्या टंकांतली (फाँटमधली) असते, युनिकोड नसते. तिथे नुसता टंक बदलून मजकूर युनिकोड होत नाही. परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरा, नाहीतर पानाचं चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून ‘गूगल डॉक्समध्ये उघडा’ म्हणा. चित्राखाली ओळखलेला मजकूर येतो. चित्र २ एमबीच्या आत, सरळ आणि सावली न पडलेलं हवं. फोटो खिडकीजवळ दिवसा काढा. ट्यूबलाइटखाली हाताची सावली हटत नाही. मग घ-ध, भ-म, थ-य, व-ब या जोड्या डोळ्यांनी तपासा. ‘रव’ आणि ‘ख’ यांचा घोळ तर ठरलेलाच. हे न करता मजकूर प्रबंधात गेला तर मार्गदर्शकांना पहिल्याच पानावर कळतं.

परिभाषेचा वेगळाच गोंधळ. मूल्यमापन, मूल्यनिर्धारण, मूल्यांकन हे शब्द पुस्तकागणिक वेगवेगळ्या अर्थाने येतात. आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमपत्रिकेत जो शब्द असेल तो धरा, वहीच्या शेवटच्या दोन पानांवर जोड्यांची यादी करा आणि अडलं तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संकेतस्थळावर पाहा.

संदर्भ

झोटेरोत मराठी लेखकाचं नाव भरताना नाव आणि आडनाव वेगवेगळ्या खान्यांत आहेत ना ते बघा. आपोआप भरलं की बहुधा पूर्ण नाव आडनावाच्या खान्यात जातं आणि संदर्भसूचीचा अकारविल्हे क्रम पहिल्या नावाने लागतो. संस्थेचं नाव असेल तर एकच खाना करायची सोय शेजारच्या बटणात आहे. झोटेरोची फुकट साठवण ३०० एमबी. पीडीएफ भरल्या की लवकर संपते, तेव्हा पीडीएफ ड्राइव्हमध्ये ठेवून झोटेरोत नुसता दुवा द्या. झोटेरोचा स्वतःचा माहिती-फोल्डर मात्र ड्राइव्हमध्ये हलवू नका, त्याने नोंदी बिघडतात.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतात. आधी संदर्भसूचीचं प्रकरण उतरवा, आपल्या कामाची मूळ पुस्तकं त्यात सापडतील. प्रबंधातलं अवतरण तिथूनच उचलणं टाळा. मूळ पुस्तक बघता येत नसेल तर ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं स्पष्ट लिहा. मूळ जुनं मराठी पुस्तक हवं असेल तर आधी नाशिकचं सार्वजनिक वाचनालय. १८४० पासूनची संस्था आहे. इंटरनेटवर नसलेलं तिथल्या कपाटात निघण्याची शक्यता चांगली. जाताना नाव, लेखक, प्रकाशक चिठ्ठीवर लिहून न्या. ‘शिक्षणावरचं काहीतरी’ असं विचारलं की काहीतरीच मिळतं.

वाङ्मयचौर्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम प्रबंधाला लागू आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा सादर करायचं, जास्तीत जास्त सहा महिन्यांत. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. अवतरणचिन्हांतला, श्रेय दिलेला मजकूर आणि संदर्भसूची मोजणीत धरत नाहीत. शब्द बदलून वाक्य तेच ठेवण्याची युक्ती यंत्रापुढे कधी कधी चालते, मार्गदर्शकांपुढे क्वचित. डाव्या पानाची सवय असेल तर हा प्रश्न फारसा येत नाही, कारण पुस्तक मिटून लिहिलेलं वाक्य आपसूक आपलं असतं.

एआयला परीक्षक करा

चॅटबॉटला उत्तर मागायचं नाही, प्रश्न मागायचे. तुर्कस्तानात सुमारे हजार शालेय विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला. साधा चॅटबॉट दिलेल्या मुलांची सरावात ४८ टक्के सरशी झाली. नंतर तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती कधीच न वापरणाऱ्यांपेक्षा १७ टक्के मागे पडली. उत्तराऐवजी इशारे देणारा चॅटबॉट ज्यांना दिला त्यांचं हे नुकसान जवळपास टळलं. यंत्र तेच होतं, त्याला दिलेलं काम वेगळं होतं.

म्हणून डावं पान पूर्ण झाल्यावर सांगायचं ते असं: ‘मी खाली आठवणीने लिहिलेला मजकूर देत आहे. यावर मला एकेक करून पाच प्रश्न विचार. मी उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न नको. उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर सांगू नकोस, कुठे चुकलं तेवढं सांग.’ शेवटचं वाक्य विसरू नका; ते नसेल तर दुसऱ्या प्रश्नापासून निबंध सुरू होतो. मराठीत विचारलं तर उत्तर मराठीत येतं, पण परिभाषा मनाने पाडलेली असू शकते; ती वहीतल्या यादीशी ताडून घ्या.

त्याने दिलेला संदर्भ कधीही तसाच घेऊ नका. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र अस्तित्वात नाही, असं सर्रास होतं. शीर्षक गूगल स्कॉलरवर आणि ग्रंथालयाच्या सूचीत शोधा. दोन्हीकडे नसेल तर सोडून द्या. मुलाखतींचे मसुदे, मुलांची नावं, शाळेचं नाव त्यात टाकायचं नाही. शाळेने परवानगी तुम्हाला दिली आहे, त्या यंत्राला नव्हे.

वेळ कुठून

सिन्नर, निफाड किंवा दिंडोरीहून एसटीने नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर येणाऱ्याला जाता-येता तास-दीड तास मिळतो. धक्के बसत असताना पीडीएफ वाचता येत नाही, कार्डं होतात. जाताना उजळणी, येताना डोळे मिटून सकाळच्या तासातले तीन मुद्दे आठवायचे आणि बस थांबली की गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठीत बोलून टिपायचे. विरामचिन्हं येत नाहीत, विचारवंतांची नावं वाकडी येतात. रात्री वहीत उतरवताना दुरुस्त होतात. सातपूर-अंबडला पाळीत काम करणाऱ्यांनी रात्रपाळीनंतर नवं काही वाचू नये, फक्त कार्डं करावीत. झोप झाल्यावर पंचवीस-सातची एक फेरी.

संपर्कसत्राच्या रविवारी अभ्यासकेंद्रावर जाण्याआधी त्या युनिटची एक फेरी घरी करून जा आणि न सुटलेले दोन प्रश्न उजव्या पानावर लिहून न्या. दिवसभरात समंत्रकांना (केंद्रावर शिकवणाऱ्या मार्गदर्शकांना) विचारायला पाच मिनिटं मिळतात, ती प्रश्न शोधण्यात जाऊ नयेत. इतर रविवारी चाळीस मिनिटं: आठवड्याची उजवी पानं वाचायची, ‘गुरुवारी करेन’ म्हटलेलं झालं का ते बघायचं, ग्रुपवर आलेल्या पीडीएफपैकी दोन ठेवायच्या आणि बाकीच्या पुसायच्या. पुसताना जीव खालीवर होतो. ग्रुपमध्ये कोणाकडे तरी असतातच.

दोन-तीन दिवस बुडले तर कार्डं पुसू नका. नव्या कार्डांची मर्यादा शून्य करा, रोज नेहमीपेक्षा थोडी जास्त जुनी संपवा. हळूहळू गाडी रुळावर येते.

छपाई

सबमिशनच्या आठवड्यात प्रबंध झेरॉक्सच्या दुकानात वर्ड फाइलच्या रूपात नेऊ नका. तिथल्या संगणकावर तुमचा टंक नसेल तर जोडाक्षरं सुटतात, ‘विद्यार्थी’चा ‘विद्‌यार्थी’ होतो, तक्ते पुढच्या पानावर सरकतात आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक चुकतात. टंक आत बसवलेली पीडीएफ करून न्या. ती आधी दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडा आणि तीन पानं बघा: मुखपृष्ठ, एखादा तक्ता, संदर्भसूची. मग एकच प्रत छापून घ्या, तिथेच उभं राहून चाळा, आणि नंतर बाकीच्या प्रती बाइंडिंगला द्या. मार्गदर्शकांची सही बाइंडिंगच्या आधी घ्यायची की नंतर, हे कॉलेजच्या कार्यालयात आदल्या दिवशी विचारून ठेवा.